टांझानियाचा मिस्त्री

मल्हारी पगारेला इंजिनातलं फार कळतं, हे सातपूरच्या त्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मल्हारीनं ते प्रत्येकाला स्वतः सांगितलेलं होतं. नवा माणूस लागला की पहिल्याच चहाच्या सुट्टीत तो त्याला गाठायचा. लांब कुठंतरी चालू असलेल्या इंजिनाकडं बोट दाखवायचा आणि त्याच्या पोटात काय दुखतंय ते नुसतं ऐकून सांगायचा. ते बहुतेक वेळा खरं निघायचं, हीच पंचाईत होती. खोटं निघालं असतं तर लोकांना त्याच्याकडं पाठ तरी फिरवता आली असती.

माणूस बुटका, अंगानं काटक, खाकी डगल्याला रोज इस्त्री. नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर, त्यात बायको सुमनबाई आणि म्हातारी आई धोंडाबाई. मूलबाळ नव्हतं. वस्तीत कुणाचं काही अडलं तर मल्हारी धावून जायचा, पण धावून गेल्याचं नंतर महिनाभर ऐकवायचा. अशा माणसाचे उपकार घेताना लोक आधी दोनदा विचार करतात.

ही विद्या त्यानं निफाडला कमावली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर निफाडच्या विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनं बसली आणि कोंडाजी मिस्त्रीच्या वर्कशॉपात हात कमी पडायला लागले, म्हणून त्यानं मल्हारीला ठेवून घेतलं. कोंडाजी वाईट माणूस नव्हता. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सगळं त्यानं शिकवलं. एक गोष्ट तेवढी नाही. इंजिनावरच्या छोट्या डिझेल-पंपातलं डिझेल आत नेमक्या कुठल्या क्षणी उडावं, ते ठरवणं म्हणजे टायमिंग लावणं. पंपाखाली कागदासारख्या पातळ पत्र्या असतात. एखादी पत्री कमीजास्त झाली की तो क्षण मागंपुढं होतो आणि चांगलं इंजिन धूर ओकायला लागतं. ज्याला टायमिंग लावता येतं तो मिस्त्री, बाकीचे सगळे हमाल. आणि टायमिंग लावायची वेळ आली की कोंडाजी न चुकता म्हणायचा, "मल्हारी, जरा चहा सांगून ये रे." मल्हारी चहा सांगून परत येईपर्यंत पंप बसलेला असायचा.

हातचं राखून शिकवायची ही रीत त्या धंद्यात जुनीच होती आणि कोंडाजी ती सगळ्यांशीच पाळत होता. पण त्याच्या पुतण्याला दुसऱ्याच वर्षी टायमिंग आलं, तेव्हा मल्हारी घरी येऊन आईच्या मांडीत तोंड घालून रडला. पुढं कोंडाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, पुतण्या मुंबईला निघून गेला आणि टायमिंगचा क्षण दाखवणारा, पंपाच्या तोंडाशी हलणारा डिझेलचा थेंब म्हाताऱ्याला दिसेना. नाइलाजानं त्यानं मल्हारीला शेजारी बसवलं आणि थेंब हलला की सांग म्हणाला. त्या एका दुपारी मल्हारीला सगळं कळलं. महिना भरायच्या आत तो आंधळा होत चाललेल्या माणसाला तिथंच सोडून नाशिकला आला. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही.

त्र्याऐंशी साली कारखान्याला एक नवलाचं काम मिळालं. जपान सरकार टांझानियाला किलीमांजारो डोंगराच्या पायथ्याशी भातशेतीसाठी पाण्याचे पंप मदत म्हणून देणार होतं. पैसा जपानचा, शेतं टांझानियाची, आणि इंजिनं मात्र नाशिकची, कारण इथल्या मालकानं एका जपानी कंपनीशी करार केलेला होता आणि इथली मजुरी त्यांना स्वस्त पडत होती. प्रत्येक इंजिनावर एक पितळी पट्टी ठोकायची होती. तिच्यावर जपानचा लाल गोळा आणि खाली इंग्रजीत 'जपानच्या जनतेची भेट'. त्या पट्ट्या ठोकायचं काम मल्हारीच्याच खात्याकडं आलं. नाशिकचं नाव कुठं घालायचं, असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा मॅनेजर नुसता हसला.

जपानहून देखरेखीला हिरानो नावाचे इंजिनियर आले. चष्मा, पांढरा शर्ट, कुणाशीही बोलताना आधी थोडं वाकायचे. बुद्धाच्या देशातला माणूस म्हणून मल्हारीला कोण आनंद झाला! एका रविवारी तो त्यांना वस्तीतल्या विहारात घेऊन गेला. बायकांनी रांगोळी काढली होती. हिरानोंनी मूर्तीला हात जोडले, फोटो काढला आणि मॅनेजरच्या मार्फत सांगितलं की त्यांच्याकडं देवळात फारसं कुणी जात नाही, घरात कुणी मेलं तरच. मल्हारी वस्तीसमोर तोंडघशी पडला. तरी त्यानं साहेबावर राग धरला नाही, कारण साहेबाच्या हातात एक गोष्ट होती.

ती गोष्ट अशी. टांझानियाचा एक मेकॅनिक शिकायला नाशिकला येणार होता. तो चार-पाच महिन्यांत तयार झाला, हिरानोंच्या परीक्षेत उतरला, तर पंप त्याच्या हवाली होणार. नाही उतरला, तर नाशिकचा एक मिस्त्री दोन वर्षांसाठी तिकडं उस्ताद म्हणून जाणार. कामातला पहिला म्हणून जाणार होता मल्हारीच, आणि येणाऱ्याला शिकवायचं कामही दिलं होतं त्यालाच. ज्या माणसाचा फायदा शिष्य नापास होण्यात आहे त्यालाच गुरू नेमण्याची अक्कल कुणाची होती देव जाणे. कारखान्यात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. मल्हारीच्या मात्र त्याच क्षणी आलं.

पगार तिकडं चांगला होता, पण त्याला पगाराची एवढी ओढ नव्हती. मल्हारीला जायचं होतं ते अशा मुलखात, जिथं 'पगारे' म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत काही हलणार नाही. नाशिकला चांगला शिकलेला माणूससुद्धा नाव विचारायचा, मग आडनाव, मग गाव कुठलं, आणि मग थोडा वेळ काहीच बोलायचा नाही. तेवढ्या थोड्या वेळानं मल्हारीचं आयुष्य पोखरलं होतं. कुणीही न ओळखणाऱ्या लोकांत दोन वर्षं उस्ताद म्हणून मिरवायचं, ही एकच हाव त्याच्या डोक्यात बसली.

पावसाळ्यात तो मेकॅनिक आला. सहा फुटांच्या वर उंच, काळा कुळकुळीत, हसला की सगळा चेहरा हसायचा. नाव एलिबारिकी. कारखान्यानं दोन दिवसांत त्याचं बारकू करून टाकलं, आणि एवढ्या धिप्पाड माणसाला बारकू म्हणून हाक मारायची सगळ्यांना मजा वाटायला लागली. त्याला खोली बघायला मॅनेजर शहरभर हिंडला. चांगल्या चांगल्या कॉलन्यांतल्या घरमालकांनी फोटो बघितला आणि घरी पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. शेवटी मॅनेजरनं मल्हारीला बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाला, "पगारे, तुमच्याकडं चालेल ना?" 'तुमच्याकडं' या शब्दाचा अर्थ मल्हारीला पुरता कळला. तो हो म्हणाला आणि तो अपमानाचा घोटही त्यानं बारकूच्याच खात्यावर मांडून ठेवला.

घरी पहिल्याच दिवशी त्यानं सुमनबाईला सांगितलं, याचा पेला वेगळा ठेव. कशाला ते सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. धोंडाबाईनं तो पेला बघितला. तिचं अर्धं आयुष्य ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिण्यात गेलेलं होतं. तिनं तो पेला कोंबड्यांच्या पाण्याला लावला आणि आपल्या लोटीतलं पाणी बारकूला दिलं. बारकू तिला 'मामा' म्हणायचा. त्यांच्या स्वाहिलीत आईला मामा म्हणतात, हे कळेपर्यंत म्हातारी हसून हसून बेजार झाली. त्याला इंग्रजी यायचं, पण मराठी तो धोंडाबाईकडूनच शिकला, त्यामुळं दिवाळीपर्यंत हा टांझानियाचा माणूस थेट निफाडच्या बाजारातल्यासारखा बोलायला लागला.

एकदा ओट्यावर बसून बारकूनं सांगितलं की दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य आहे आणि तिथं काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात, बसमध्ये, बाकावर मज्जाव आहे. जपानी लोक मात्र तिथं मानाचे गोरे म्हणून धरले जातात, कारण जपान त्यांचा माल घेतो. मल्हारीनं विचारलं, आणि आम्ही? बारकू म्हणाला, तुम्ही गोऱ्यांच्या खाली, पण आमच्या एक पायरी वर. सांगताना तो हसत होता, असल्या मूर्खपणाला माणूस हसेल तसा. मल्हारी हसला नाही. त्याच्या आईबापांनी, आज्यापणज्यांनी जी पायरी कधी बघितली नव्हती ती त्याला ओट्यावर बसल्याबसल्या मिळाली होती, आणि ती मिळाल्याबरोबर त्याला खाली कोण उभं आहे ते बघावंसं वाटलं. ज्यानं सगळा जन्म पायरीखाली काढला त्याला पायऱ्यांचीच चीड यायला हवी होती. मल्हारीला ती आली नाही. माझ्या मते या माणसाबद्दल एवढं एकच सांगितलं तरी पुरे.

शिकवणी चालू झाली. मल्हारी शिकवायचा छान, हे नाकारता येत नाही. पिस्टन कसा धरायचा, रिंगा कशा चढवायच्या, हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूनंच कसा ठेवायचा, सगळं हाताला धरून. बारकूचा हात भराभर बसत गेला. एवढा भराभर की मल्हारीची झोप उडाली. आणि टायमिंग लावायची वेळ आली की तो डगल्याचं वरचं बटण लावायचा आणि म्हणायचा, "बारकू, जरा चहा सांगून ये रे." कोंडाजीचे शब्द आपल्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले हे पहिल्या वेळी त्याच्या लक्षात आलं. त्याला वाईट वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्याला बरं वाटलं. बारकू मान हलवून जायचा, आणि कधीही घाईनं परत यायचा नाही. पंप बसल्यावर हात पुसत मल्हारी बाहेर आला की मगच तो चहा घेऊन समोर यायचा. त्यावरून मल्हारीनं ठरवलं की गडी कष्टाळू आहे, पण डोक्यानं मंद आहे.

संक्रांतीनंतर परीक्षा ठरली. आदल्या आठवड्यात हिरानोंनी बारकूचं काम पाहिलं आणि मॅनेजरला म्हणाले की हा माणूस तयार दिसतोय, नाशिकचा मिस्त्री धाडायची बहुधा गरज पडणार नाही. मॅनेजरनं ते मल्हारीला शाबासकी म्हणून सांगितलं. मल्हारीनं शाबासकी घेतली, आणि त्याला जेवण गेलं नाही.

परीक्षेच्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेला. अंगणात चौथऱ्यावर इंजिन ठेवलेलं होतं. त्यानं पंप सोडवला, खालच्या दोन पत्र्या काढून डगल्याच्या खिशात टाकल्या आणि पंप परत घट्ट बसवला. आता डिझेल वेळेच्या फार आधी उडणार होतं. इंजिन ठोके देईल, काळा धूर ओकेल, बारकू गोंधळेल, साहेब मान हलवतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण एवढं पुढं लावलेलं इंजिन कधीकधी उलटं फिरतं आणि हातातलं हँडल उलटं मारतं, हे निफाडच्या वर्कशॉपातल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. मल्हारीला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. त्याला माहीत होतं, आणि तरी त्यानं बोल्ट आवळले.

साहेब आले, मॅनेजर आला, खात्यातले लोक गोळा झाले. मल्हारी पुढं होऊन म्हणाला, "साहेब, इंजिन मी स्वतः लावून ठेवलंय." बारकूनं इंजिनाभोवती एक फेरी मारली. तेल बघितलं, डिझेल बघितलं. मग पंपाशी वाकला. त्याचा हात पंपाखाली गेला आणि तिथंच थांबला. त्यानं मान वर करून मल्हारीकडं पाहिलं. मल्हारीनं नजर हलवली नाही. बारकूनं हात काढून घेतला, फडक्याला पुसला आणि हँडल लावलं.

दोन फेऱ्या बरोबर गेल्या. फिरवणं हलकं जावं म्हणून धरलेला वरचा दांडा त्यानं तिसऱ्या फेरीला सोडला आणि इंजिनानं आतून धक्का दिला. हँडल उलटं आलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि बारकू खाली बसला, उजवा हात कोपराखाली भलत्याच ठिकाणी वाकलेला. लोक धावले. हिरानोही धावले, पण त्यांनी आधी इंजिन बंद आहे ना ते पाहिलं.

सरकारी दवाखान्यात हाड बसवलं, प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळेल, पण आतल्या शिरा चिरडल्यात, बोटं मिटतील असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी हिरानो बिस्किटांचा डबा घेऊन भेटायला आले. खाटेशी थोडं वाकले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, पंप कुणी बसवला होता? मल्हारी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. बारकू इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही यायच्या आधी मीच तो उघडून परत बसवला, साहेब. चूक माझी." हिरानोंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर ते मॅनेजरला जे म्हणाले ते मॅनेजरनं मल्हारीला मराठीत सांगितलं, की त्या लोकांना अजून वेळ लागेल, तोवर तुम्हीच जा. मल्हारीला एवढा आनंद झाला की तो लपवायला त्याला दवाखान्याच्या मागं जाऊन विडी ओढावी लागली. बारकू खोटं का बोलला याचा त्यानं विचार केला आणि स्वतःला उत्तर दिलं, की बिचाऱ्याला खरंच काही कळलेलं नाही, साहेबाला घाबरून त्यानं चूक अंगावर घेतली.

तिकिटाची व्यवस्था होईपर्यंत बारकू मल्हारीच्याच घरी होता. धोंडाबाई त्याला लहान मुलासारखी भाकरी कुस्करून भरवायची. इकडं मल्हारीनं नवी पेटी आणली, वस्तीनं त्याचा सत्कार ठरवला, विहारासमोर मांडव घालायचं बोलणं चालू झालं. सुख फार झालं की काही माणसांना उदार व्हायची लहर येते. तशा एका दुपारी मल्हारी बारकूजवळ जाऊन बसला. आता हा कधी इंजिनाला हात लावणार नाही, तेव्हा याला सांगायला काय हरकत आहे, असा त्याचा हिशेब. म्हणाला, बस, आज तुला एक गोष्ट शिकवतो, ती मी कुणालाच शिकवत नाही. आणि त्यानं लोटी पुढं ओढून, लोटीचं चाक आणि काडीचा काटा करून टायमिंग समजावून सांगायला घेतलं. थेंब हलला की चाक थांबवायचं, खूण बघायची, खूण मागं असली तर पत्री...

"पत्री काढायची," बारकू म्हणाला. "दोन काढल्या तर लय पुढं जातं."

मल्हारीच्या हातातली काडी तशीच राहिली. तुला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. बारकू शांतपणे बोलायला लागला. गावच्या कॉफी सोसायटीत हेच इंजिन आहे आणि कित्येक वर्षं तोच ते लावतो. पण सोसायटीत त्याची नोंद मदतनीस म्हणून, मिस्त्रीची जागा हवी तर शिक्षणाचा जपानी शिक्का पाहिजे, म्हणून सरकारनं त्याला इकडं धाडलं. इथं चहाला पाठवतात ते कशासाठी, ते त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. शिकवणाऱ्याला मध्येच 'मला येतं' म्हणायचं नसतं, त्याच्या मुलखात ते वाईट दिसतं, म्हणून तो चहा घेऊन बाहेरच उभा राहायचा.

मल्हारीनं लोटी बाजूला सारली. "त्या दिवशी पत्र्या कमी हायेत ते कळलं होतं तुला?"

"हाताला लागलं ना."

"मग हँडल का मारलं?"

"तुमी साहेबाला म्हनलं, मी सोता लावलंय. साहेबापुढं तुमचं काम कसं उघडायचं, उस्ताद? मला वाटलं, तुमी कायतरी इचार करून लावलं असंल."

आत भाकरी थापत बसलेल्या धोंडाबाईचे हात थांबलेले होते. मल्हारीला त्या वेळी लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. त्याला आला राग. चार-पाच महिने हा आपल्याला खेळवत होता, असं त्याच्या मनात आलं. आणि रागाच्या मागून भीती आली. त्यानं विचारलं, "साहेबाला सांगशील?"

"नाय," बारकू म्हणाला. "तुमाला जायचंय ना तिकडं."

धोंडाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "कोंडाजी बरा म्हनायचा, मल्हारी," ती म्हणाली. "त्यानं तुला चहाला धाडलं. तुजा हात नाय मोडला." एवढं बोलून ती आत गेली, आणि त्या दिवसापासून तिनं लेकाला आपल्या हातानं वाढलं नाही, त्याच्याशी बोलणंही टाकलं. बारकू गेला त्या दिवशी ती त्याला सोडायला नाशिकरोड स्टेशनपर्यंत चालत गेली. मल्हारीच्या सत्काराच्या मांडवात मात्र ती दिसली नाही.

मल्हारी चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर गेला. विमान, मग दिवसभराचा प्रवास, मग तो बर्फाच्या टोपीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पंपघर, आत ओळीनं त्याच्या हातची इंजिनं. त्याला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं. आणि हळूहळू कळलं की करायला काही नाही. तिथल्या चार-पाच जणांना टायमिंग उत्तम येत होतं. ते त्याला मान द्यायचे, झाडाखाली खुर्ची नेऊन ठेवायचे, आणि इंजिनं आपली आपण लावायचे. त्याचं आडनाव कुणी विचारलं नाही. परीक्षेच्या दिवसाचं सगळं त्यांना माहीत असावं, असं त्यांच्या अति गोड वागण्यावरून त्याला वाटायचं, पण कुणी शब्दानं बोललं नाही, त्यामुळं खात्रीही करून घेता येईना.

पंपघराच्या फाटकावर राखणदार होता बारकू. शिक्क्याविना मिस्त्रीची जागा त्याला मिळाली नव्हती आणि लुळ्या हाताच्या माणसाला दुसरं काम कोण देणार? रोज सकाळी मल्हारी आला की तो डाव्या हातानं फाटक उघडायचा, उजवा हात अंगाशी धरून वाकायचा आणि म्हणायचा, "शिकामू." तिकडं थोरामोठ्यांना असं म्हणतात. अर्थ होतो, तुमचे पाय धरतो. त्याला उत्तर द्यावंच लागतं. न देणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. उत्तर एकच, "मराहाबा," म्हणजे तुझा मान घेतला. बारकूच्या बोलण्यात टोमणा असता तर मल्हारीला सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता. तो मनापासून वाकत होता. रविवार सोडून रोज सकाळी मल्हारी त्या माणसाचा मान घेत राहिला. पुढं पुढं तो फाटकाशी पोचायच्या आधीच ते उत्तर पुटपुटायला लागला, रात्री झोपेतसुद्धा.

दोन वर्षं निघाली नाहीत. वर्ष भरायच्या आत हवा मानवत नाही असं कळवून तो परत आला. वस्तीतल्या लोकांनी हार घातले, आफ्रिकेतले सिंह बघितले का म्हणून पोरांनी हैराण केलं. घरात धोंडाबाई चुलीपाशी बसली होती. ती आता पार वाकली होती, नजरही अधू झाली होती. त्या दुपारनंतर पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"बारकूचा हात कसा हाय?"

मल्हारीनं पेटी खाली ठेवली. "बरा झाला," तो म्हणाला. "बोटं मिटतात आता. मिस्त्री झालाय पंपावर. तुला मामा म्हणून निरोप सांगितलाय."

म्हातारीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असलं हसू त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला ते खरं वाटलं. "तूच शिकवलं आसंल मंग तिकडं जाऊन," ती म्हणाली. "चूक निस्तरलीस बाबा." तिनं हात धुतले, ताट घेतलं आणि आपल्या हातानं त्याला वाढलं. गरम भाकरी, मेथीची भाजी, कांदा फोडून. तो जेवत असताना ती दारात जाऊन शेजारणीला मोठ्यानं सांगायला लागली की आमच्या बारकूचा हात बरा झाला, मिस्त्री झाला तो, मल्हारीनं केला. शेजारीण आत आली आणि नीट सांगा म्हणाली. मल्हारीनं तोंडातला घास गिळला आणि बारकू आता उजव्या हातानं हँडल कसं मारतो ते तिला सांगितलं.